चिलटाची परवचा

मे महिन्यात अढी चाळायला बसलं की आंब्याआधी चिलटं भेटतात. पेंढा जरा बाजूला केला आणि खाली एखादा डागलेला आंबा असला, की भुर्रकन थवा उठतो आणि नाकातोंडात शिरतो. यंदा गुहागरजवळच्या घरी मी आणि आई अढी चाळत होतो. वर शाकारणीचे गडी कौलं उतरवत होते आणि पडवीत माझा भाचा बारावीचं जीवशास्त्र मांडीवर घेऊन, डोळे मिटून, ओठ हलवत बसला होता. तासाभराने त्याने पुस्तक आपटलं. "मावशी, पाठांतर जीन्समध्येच असावं लागतं. आपल्या घराण्यात नाही ते."

आईने मान वर न करता विचारलं, "सतरा पाउण किती?" आणि स्वतःच सांगितलं, "पावणेतेरा."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला हे दिवसातून चारदा विचारते, पण पावकी, निमकी, पाउणकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि साडेतीनचे पाढे, कुठूनही विचारा, अडत नाही. "मेल्या, दिवेलागणीला रोज परवचा म्हणावी लागायची आम्हाला. एका बैठकीत नारळ सोलून होतात, पाठांतर होत नाही."

त्यांचं भांडण मी तिथे सोडवलं नाही, कारण दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. आठवण टिकायला जनुकं लागतात, यात शंका नाही. पण भाच्याला वाटतं तशी ती कपाळावर लिहून आलेली नसतात. धडा घेतल्यावर त्यांना कामाला लावावं लागतं, आणि आईची परवचा नेमकं तेच करते. हे ज्याच्याकडून आपल्याला कळलं, तो प्राणी त्या वेळी आंब्याच्या देठाशी बसला होता.

इथे एक घोटाळा आधी दूर करते. बागायतदार ज्या फळमाशीला शिव्या घालतात ती ही नव्हे. ती मोठी, पिवळसर, चांगल्या फळात अंडी घालणारी. तिच्यासाठी आपण झाडाला सापळे टांगतो, आणि आतल्या मिथिल युजेनॉलच्या वासाने तिचे नर धावत येतात. ती ओढ त्यांना कुणी शिकवलेली नसते, उपजतच असते. चिलट वेगळं. ते पिकून आंबायला लागलेल्या फळावर येतं. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला दहा दिवस लागतात आणि दुधाच्या बाटलीत शेकडो पोसता येतात. मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान, पण त्यात सुमारे 1,40,000 चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि मुख्य म्हणजे, चिलट शिकतं.

आता जनुक म्हणजे काय ते पाहू. आईची एक जुनी वही आहे, तीत खतखतं, पातोळे, मोदकाची उकड सगळं लिहिलेलं आहे. वही वर्षभर फडताळात असते, पण उकडीचं पान उघडतं ते गणपतीत. जनुक म्हणजे त्या वहीतलं एक पान, एक प्रथिन कसं बनवायचं याची कृती. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अख्खी वही असते, पण कुठलं पान कधी उघडायचं हे प्रसंगावर ठरतं. लोक "जीन्समध्ये आहे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात फक्त वही असते. पान उघडण्याची गोष्ट ते विसरतात.

केवळ वहीकडे पाहिलं की काय होतं याचा एक जुना किस्सा आहे. अमेरिकेत रॉबर्ट ट्रायन यांनी उंदरांना चक्रव्यूहात सोडलं. कमी चुका करणाऱ्यांची जोडी कमी चुका करणाऱ्यांशी लावली, जास्त चुका करणाऱ्यांची त्यांच्यासारख्यांशी. काही पिढ्यांत हुशार आणि मठ्ठ अशी दोन घराणी तयार झाली. 1940 मध्ये हे काम छापून आलं आणि बुद्धी रक्तात असते असं मानणाऱ्यांना आनंद झाला. 1949 मध्ये सर्ल नावाच्या संशोधकाने तेच उंदीर वेगवेगळ्या परीक्षांना बसवले, तर "मठ्ठ" उंदीर सगळीकडे मठ्ठ निघेनात. काही ठिकाणी तर ते सरस ठरले. मूळ चक्रव्यूहात ते बिचारे यंत्राच्या दारांना घाबरत होते. 1958 मध्ये कूपर आणि झुबेक यांनी दोन्ही घराण्यांची पिल्लं खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात किंवा अगदी ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली. दोन्हीकडे घराण्यांमधला फरक जवळपास नाहीसा झाला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझी खोली ओकीबोकी आहे." नाही, त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

तर घराणी पाहून भागणार नव्हतं. एकेक पान फाडून काय बिघडतं ते पाहायला हवं होतं. हे काम कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. 1974 मध्ये क्विन, हॅरिस आणि बेन्झर यांनी दाखवलं की चिलटांना शिकवता येतं. नळीत एक वास सोडायचा आणि त्याच वेळी विजेचा हलका झटका द्यायचा. दुसरा वास सोडायचा, झटका नाही. मग दोन्ही वास समोर ठेवले की बरीचशी चिलटं झटक्याचा वास टाळतात. मग चिलटांना साखरेच्या पाण्यातून डीएनए बिघडवणारं रसायन पाजलं आणि त्यांच्या हजारो वंशजांची परीक्षा घेतली. 1976 मध्ये पहिलं विसराळू वाण जाहीर झालं. त्याला नाव दिलं डन्स, म्हणजे ढ. पुढे अम्नेझियाक आलं, रुटाबागा आलं, टर्निप, कॅबेज, रॅडिश अशी सगळी भाजीमंडई आली.

पण चिलट नापास झालं म्हणजे ते विसरलं, असं कशावरून? त्याला वासच येत नसेल तर? झटकाच जाणवत नसेल तर? म्हणून प्रत्येक विसराळू वाणाचं नाक आणि कातडी आधी तपासावी लागते. या बाजूचं एक मोलाचं काम आपल्याच किनाऱ्यावर झालं. बेन्झर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) वासाच्या बाबतीत अधू असलेली चिलटं शोधून काढली. चिलटाचं नाक कसं चालतं हे समजायला त्याची मोठी मदत झाली.

डन्सचं नाक ठीक होतं. बिघाड आत होता. चेतापेशीत सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा निरोप्या रेणू असतो, आणि डन्सचं जनुक तो मोडण्याचं काम करणारं प्रथिन बनवतं. ते बिघडलं की निरोप्यांची गर्दी होते. रुटाबागाचं जनुक उलट हा रेणू तयार करणारं, म्हणजे तिथे निरोप्यांचा तुटवडा. आमटीत मीठ जास्त झालं काय आणि कमी झालं काय, पान वाया जातं ते जातंच.

इथवरची गोष्ट शिकण्याची आणि थोडा वेळ लक्षात राहण्याची. आठवडाभर किंवा जन्मभर टिकणाऱ्या आठवणीची गोष्ट वेगळी आहे, हे माशांमुळे कळलं. म्हणजे बांगडा-सुरमई नव्हे, काचेच्या भांड्यातले गोल्डफिश. 1960च्या दशकात बर्नार्ड अग्रॅनॉफ यांनी त्यांना दिवा लागला की झटका बसण्याआधी पलीकडे पोहायला शिकवलं. धडा संपताच मेंदूत प्रथिनं बनण्याचं काम बंद पाडणारं औषध टोचलं. माशांना त्या घडीचं आठवत होतं, पण काही दिवसांनी पाटी कोरी. तेच औषध तासाभराने टोचलं तर आठवण शाबूत. म्हणजे धडा संपल्यानंतरच्या त्या तासाभरात मेंदूत काहीतरी नवं बनत असतं, आणि ते बनलं की मग औषध त्याचं काही करू शकत नाही.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, अचानक पाऊस आला की आपण ओटीवर नारळाची झापं टेकवतो. घरात असलेलंच सामान, पाच मिनिटांचं काम, वारा आला की उडून जाणार. थोड्या वेळाची आठवण अशी असते. पेशीत आधीपासून असलेली प्रथिनं इकडची तिकडे होतात, त्यांच्यावर रासायनिक खुणा लागतात आणि दोन पेशींमधला सांधा तात्पुरता जोरकस होतो. कायमची भिंत हवी असेल तर जांभ्याचे चिरे आणावे लागतात, त्यासाठी खाणीवर निरोप धाडावा लागतो. पेशीची चिरेखाण म्हणजे तिचं केंद्रक, जिथे ती वही ठेवलेली असते. तिथवर निरोप पोहोचला, पान उघडलं, नवी प्रथिनं बनून आली, तरच पक्कं बांधकाम होतं.

हे बांधकाम डोळ्यांनी दाखवलं ते एरिक कँडेल यांनी, आणि 2000 सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांनी निवडलेला प्राणी समुद्री गोगलगाय, ॲप्लिशिया. भरती ओसरली की आपल्याकडेही कातळातल्या डबक्यांत समुद्री गोगलगायी सापडतात. कँडेल यांची जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची, वीतभर लांबीची, ढिम्म. पण तिच्यात जेमतेम 20,000 चेतापेशी, आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. तिच्या कल्ल्याजवळच्या, पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला हात लावला की ती कल्ला आत ओढते. शेपटीला एकदा झटका दिला तर पुढची काही मिनिटं ती जास्तच दचकते. चार-पाच वेळा, मध्ये अवकाश ठेवून दिला, तर दुसऱ्या दिवशीही दचकते. कित्येक दिवस असं केलं तर कित्येक आठवडे.

स्पर्श ओळखणाऱ्या पेशीची टोकं मोजली तेव्हा कळलं की न शिकलेल्या गोगलगायीत ती सुमारे 1,300 असतात आणि दीर्घकाळ शिकवलेलीत जवळपास दुप्पट होतात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. आठवण म्हणजे काहीतरी वाऱ्यासारखं, धरता न येणारं, असं आपण धरून चालतो. इथे ती मोजता येत होती, वेलीला नवे कोंब फुटावेत तशी.

मग प्रश्न असा की खाणीवर आलेला निरोप घेऊन काम कोण सुरू करतं? त्या प्रथिनाचं नाव क्रेब. ते केंद्रकात डीएनएवर बसतं आणि ठरावीक पानं उघडायला लावतं. थोडक्यात मुकादम. पण क्रेबचे दोन अवतार आहेत. एक काम सुरू करणारा, दुसरा अडवणारा. कोकणात घर बांधायला काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर बारा नावं, आणि त्यातला एक चुलतभाऊ हरकत घेतो. सगळं सामान आलेलं असतं, गवंडी बिड्या ओढत बसलेला असतो, आणि काम ठप्प. 1995 मध्ये कँडेल यांच्या गटाने काचेच्या ताटलीतल्या गोगलगायीच्या पेशींमध्ये त्या हरकत घेणाऱ्यालाच जायबंदी केलं. एरवी पक्क्या बांधकामासाठी सेरोटोनिन या रसायनाचे पाच फवारे लागायचे. आता एकाच फवाऱ्यात बांधकाम सुरू झालं.

ही हरकत निसर्गाने ठेवली ते बरंच आहे म्हणा. रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक एसटीचा नंबर जन्मभर लक्षात राहिला असता तर माणूस वेडा झाला असता.

आता पुन्हा चिलटाकडे. 1994 साली टिम टली आणि सहकाऱ्यांनी चिलटांचे दोन वर्ग घेतले. दोन्हींना वास आणि झटक्याचे दहा धडे. पहिल्या वर्गाला दहाही लागोपाठ, दुसऱ्याला प्रत्येक दोन धड्यांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी. शिकवणी तेवढीच, झटके तेवढेच. लागोपाठ शिकलेली चिलटं काही दिवसांत सगळं विसरली. सुट्टी घेत शिकलेल्यांना आठवडाभरानंतरही आठवत होतं, आणि ज्याचं आयुष्यच जेमतेम दोन महिन्यांचं त्याच्यासाठी आठवडा म्हणजे थोडा काळ नव्हे. प्रथिनं रोखणारं औषध दिल्यावर दुसऱ्या वर्गाची ती टिकाऊ आठवण मार खायची, पहिल्या वर्गाला मात्र फरक पडत नव्हता. कारण त्यांनी नुसती झापंच टेकवली होती.

त्याच वर्षी जेरी यिन, टली आणि सहकाऱ्यांनी चिलटांत हरकत घेणाऱ्या क्रेबचं एक जादा जनुक घातलं. गंमत अशी की ते जनुक उष्णतेने चालू होणारं होतं. चिलटं नेहमीसारखी वाढली. शिकवणीच्या काही तास आधी त्यांना ऊब दिली की जनुक चालू. ही चिलटं धडा शिकत, थोडा वेळ लक्षातही ठेवत, पण कितीही सुट्ट्या देऊन शिकवा, टिकाऊ आठवण बनत नव्हती. म्हणजे दोष जन्मापासूनच्या जडणघडणीत नव्हता, त्या वेळी पान उघडण्यात होता. पुढच्या वर्षी त्यांनी उलटा प्रयोगही छापला. काम सुरू करणारा क्रेब वाढवला तर चिलट एकाच धड्यात कायमचं शिकतं, असा. वर्तमानपत्रांना तो फार आवडला. 2004 मध्ये दुसऱ्या गटाने तो करून पाहिला तर हाती काही लागेना, आणि वापरलेल्या जनुकाच्या मजकुरातच गफलत सापडली. अडवणाऱ्या क्रेबचा निष्कर्ष मात्र टिकून आहे. विज्ञानाच्या बातम्या वाचताना मी हे उदाहरण खिशात ठेवते.

पण सुट्टीत नेमकं होतं काय? याचं उत्तर 2009 मध्ये आलं आणि मला ते सगळ्यात आवडतं. प्रत्येक धड्यानंतर, सुट्टी मिळाली तर, पेशीत एका रासायनिक निरोपाची लाट उठते आणि ओसरते. केंद्रकाला असा एकटा निरोप पुरत नाही, अशा लाटा पुन्हा पुन्हा याव्या लागतात. धडे लागोपाठ दिले तर लाट धड उठतच नाही. ही लाट कधी उठणार आणि किती वेळात ओसरणार हे कॉर्कस्क्रू नावाचं जनुक सांभाळतं. माणसात त्याच जनुकात बदल झाला तर नूनन सिंड्रोम होऊ शकतो, आणि त्यातल्या काही मुलांना शिकायला अडचण येते. तसाच बदल चिलटात केला, तर ती पंधरा मिनिटांच्या सुट्टीने शिकेनात. मग संशोधकांनी सुट्टीच लांबवली, आणि तीच चिलटं शिकली.

उंदरांतही असंच झालं. क्रेब अधू केलेले उंदीर अर्ध्या तासापर्यंत सगळं लक्षात ठेवत, दुसऱ्या दिवशी मात्र आठवत नसे. हेही 1994 चंच काम. तीन वर्षांनी अल्सिनो सिल्व्हा यांच्या गटाने त्यांना धड्यांमध्ये लांब सुट्ट्या दिल्या, आणि जनुक बिघडलेलंच असताना त्यांची टिकाऊ आठवण नेहमीसारखी बनली. भाच्याला मी हा प्रयोग दोनदा सांगितला. दोन वेगळ्या दिवशी, अर्थात.

पक्कं बांधकाम फुकट मात्र होत नाही. लांब आठवण बनवायला लावलेली चिलटं, पुढे अन्नपाणी तोडलं तर, लागोपाठ शिकलेल्यांपेक्षा लवकर मरतात. उपाशी चिलट तर अशी आठवण बनवणंच थांबवतं. स्मरणशक्ती वाढवण्याचीही किंमत आहे. 1999 मध्ये जो त्सिएन यांनी एक जादा जनुक घालून तल्लख उंदीर तयार केले. दोन वर्षांनी कळलं की त्यांना दीर्घकाळचं दुखणंही जास्त जाणवतं. बुद्धी वाढवण्याच्या गोळ्या विकणारे ही दुसरी बातमी सांगत नाहीत.

राहता राहिली आईची पाउणकी. प्रथिनं काही जांभ्याचा चिरा नव्हेत. त्यातली बहुतेक तासांत, दिवसांत किंवा काही आठवड्यांत मोडतात आणि नवी येतात. मग सत्तर वर्षांपूर्वीची परवचा कशात टिकली? 2006 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून पीकेएम-झीटा हे प्रथिन आठवण राखतं असं पुढे आलं, कारण ते रोखणारं औषध दिलं की महिन्याभराची जुनी आठवणही पुसली जायची. 2013 मध्ये हे जनुकच काढून टाकलेले उंदीर बनवले तर त्यांची स्मरणशक्ती चांगली निघाली, आणि तेच औषध त्यांचीही आठवण पुसत होतं. सगळा डोलारा कोसळल्यासारखा झाला. मग कळलं की ते प्रथिन नसलं तर त्याचा एक भाऊबंद त्याचं काम उचलतो. 2024 मध्ये एक नवा दुवा छापून आला. किब्रा नावाचं दुसरं प्रथिन जोरकस झालेल्या सांध्यांवर खूण धरून बसतं आणि पीकेएम-झीटाला तिथे बांधून ठेवतं. दोघांचे जुने रेणू झिजून जातात, नवे येऊन त्याच जागी बसतात.

मी हे आईला सांगत होते तेव्हा वरून गड्याने विचारलं, "वयनी, या बाजूची चार कौलं फुटलीत, नवी लावू?" आई म्हणाली, "लाव. पण जुन्या ओळीतच लाव हो." मग तिने अढीतला एक आंबा नाकाशी धरून पाहिला, भाच्याकडे टाकला आणि विचारलं, "सतरा औटं?"

तो बोटांवर मोजायला लागला.